कादंबरी, सुट्या पानांची

१९६९ साली इंग्लंडमधल्या पुस्तकांच्या दुकानांत एक कादंबरी पेटीत घालून विकायला आली. पेटी साधारण पुस्तकाच्याच आकाराची. उघडली की आत एकमेकांना न शिवलेले सत्तावीस भाग. त्यांतले काही डझनभर पानांचे, काही एका परिच्छेदात संपणारे. एकावर ‘पहिला’ आणि एकावर ‘शेवटचा’ अशी खूण. मधले पंचवीस भाग वाचकाने वाटेल त्या क्रमाने वाचावेत, हातात आले तो क्रम पसंत नसेल तर खुशाल पिसून घ्यावेत, अशी सूचना सोबत होती.

कादंबरीचे नाव ‘द अनफॉर्च्युनेट्स’ आणि लेखक बी. एस. जॉन्सन. पंचवीस भागांचे एकूण किती क्रम लागू शकतात याचा हिशेब केला, तर एकावर पंचवीस शून्ये देऊनही आकडा पुरत नाही. भाग पिसून घेणाऱ्या दोन वाचकांनी ही कादंबरी एकाच क्रमाने वाचली असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच.

असे पुस्तक हातात पडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा उपद्व्याप कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे. तो मनातून काढून टाकू नये, उलट शेवटच्या पानापर्यंत धरून ठेवावा. तुकड्यांच्या कादंबऱ्या सगळ्या एकाच कारणाने तुटलेल्या नसतात. कोणती कशामुळे तुटली हे एकदा कळले, की ती कशी वाचायची हेही बरेचसे कळते.

जॉन्सनपाशी कारण होते, आणि ते त्याच्या आयुष्यातून आलेले होते. १९३३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ भागात जन्मलेला हा लेखक पोटापाण्यासाठी फुटबॉल सामन्यांची वार्तापत्रे लिहीत असे. एका शनिवारी सामना पाहायला म्हणून तो नॉटिंगहॅमला पोचला. स्टेशनातून बाहेर पडताना त्याला उमगले की हे शहर आपल्या ओळखीचे आहे. त्याचा मित्र टोनी टिलिंगहास्ट इथेच राहत असे. टोनी साहित्याचा अभ्यासक होता, जॉन्सनचे लिखाण छापण्याआधी वाचून त्यावर बोलणारा होता, आणि वयाच्या २९व्या वर्षी कर्करोगाने गेला होता. त्या दिवशी जॉन्सनला सामन्याचे काम तर उरकायचेच होते. पण रस्ता ओलांडताना, जेवताना, मैदानाकडे चालताना टोनीच्या आठवणी येत राहिल्या. त्या तारीखवार आल्या नाहीत. आधी आजारपण, मग पहिली भेट, मग त्याच्या घरातली एखादी संध्याकाळ, पुन्हा आजारपण, अशा आल्या.

हा अनुभव शिवलेल्या पुस्तकात घातला तर त्याला आपोआप एक क्रम मिळतो. पान ३० नंतर पान ३१ येते, आणि मनात जे वाटेल तसे आले होते ते कागदावर रांगेत उभे राहते. जॉन्सनला हे खोटे वाटत होते. कादंबरीने खरे सांगावे, बनवलेल्या गोष्टी सांगू नयेत, असा त्याचा हट्टच होता. म्हणून त्याने शिवणच काढून टाकली. या उपायाने प्रश्न पुरता सुटत नाही हे त्यालाही मान्य होते, कारण प्रत्येक भागाच्या आत शब्द एकापुढे एकच येणार. पण पेटी ही बांधीव पुस्तकापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ आहे, या मतावर तो ठाम राहिला.

वाचताना याचा परिणाम काय होतो? टोनी गेला आहे हे वाचकाला सुरुवातीपासून माहीत असते, त्यामुळे ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता बाद होते. तिच्या जागी वेगळेच काही घडू लागते. एखाद्याच्या हाती टोनीच्या अखेरच्या दिवसांचा भाग लवकर पडला, तर नंतर येणाऱ्या गप्पा, थट्टा, घर लावण्याची लगबग हे सगळे तो त्या मृत्यूच्या सावलीत वाचतो. दुसऱ्याच्या वाट्याला आधी ते बरे दिवस आले, तर आजारपणाचे भाग त्याच्यावर एकेक करून कोसळतात. शब्द दोघांनी तेच वाचले, शोक मात्र निरनिराळ्या वाटेने केला. आणि या सगळ्यात तो रटाळ फुटबॉल सामना चालूच असतो. बातमी लिहायची, शब्द मोजायचे, फोनवरून कार्यालयाला मजकूर सांगायचा. छापून आलेले ते वार्तापत्र पेटीच्या आतल्या बाजूला छापलेले आहे. दिवसभराच्या कालव्यातून वर्तमानपत्रात एवढेच उरले, आणि त्यात टोनीचा उल्लेखही नाही.

जॉन्सनला असल्या खटपटींची खोडच होती. १९६४ सालच्या ‘अल्बर्ट अँजेलो’ या कादंबरीत त्याने काही पानांना चक्क भोक पाडून घेतले होते, म्हणजे पुढच्या पानावर घडणारी घटना वाचकाला आधीच दिसावी. काही पुस्तकविक्रेत्यांनी प्रती सदोष समजून परत केल्या. ऑस्ट्रेलियाच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना वाटले की अश्लील मजकूर कापून टाकलेला आहे, आणि त्यांनी पुस्तक अडवून ठेवले. ‘द अनफॉर्च्युनेट्स’चे हंगेरियन भाषांतर करताना तिथल्या प्रकाशकांना पेटीचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. त्यांनी पुस्तक नेहमीसारखे बांधून काढले, भागांना खुणा दिल्या, आणि क्रम बदलण्याचे काम वाचकावर सोपवले. १९७३ साली, चाळिसाव्या वर्षी, जॉन्सनने आत्महत्या केली. नंतर बरीच वर्षे त्याचे नाव मागे पडले. कादंबरीकार जोनाथन को याच्या प्रस्तावनेसह १९९९ साली ही पेटी पुन्हा बाजारात आली आणि नव्या पिढीने ती उघडली.

पेटीची कल्पना जॉन्सनची पहिली नव्हती. फ्रान्समध्ये मार्क सापोर्ताने १९६२ सालीच ‘कॉम्पोझिशन नंबर वन’ काढली होती: सुमारे दीडशे सुटी पाने, एकाच बाजूला छापलेली, पत्त्यांसारखी पिसून वाचायची. या दोन पुस्तकांची तुलना उद्बोधक आहे. सापोर्ताचे कोणतेही पान कोणत्याही पानानंतर येऊ शकते, त्यामुळे प्रत्येक पानाला स्वतःपुरते पुरे व्हावे लागते. वाक्य पान ओलांडू शकत नाही आणि प्रसंगाला वाढायला जागा मिळत नाही. पात्रे ओझरती दिसतात आणि जातात. जॉन्सनने पान सोडून भाग हे माप धरले, आणि आठवण जेवढी तेवढाच भाग ठेवला. एखादी आठवण बारा पाने पुरते, एखादी चार ओळींत विझते. नुसत्या युक्तीपाशी थांबलेले पुस्तक आणि युक्तीला कामाला लावणारे पुस्तक यांतला फरक इथे दिसतो. तुकड्यांच्या कादंबरीला ‘चमत्कृती’ म्हणून झोडपणारे टीकाकार पुष्कळदा बरोबर असतात. नेमके कोणत्या पुस्तकाबद्दल बरोबर आहेत, एवढेच तपासायचे.

कारण बदलले की वाचनही बदलते याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे हुलिओ कोर्तासार. आईवडील अर्जेंटिनाचे, जन्म १९१४ साली ब्रसेल्सचा, आणि १९५१ पासून मुक्काम पॅरिसला. त्याची ‘रायुएला’ १९६३ साली ब्वेनोस आयरेसमध्ये प्रसिद्ध झाली. रायुएला म्हणजे जमिनीवर घरे आखून ठिकरी टाकत लंगडीने खेळायचा पोरांचा खेळ. इंग्रजीत ती ‘हॉपस्कॉच’ झाली. ग्रेगरी राबासा यांच्या या भाषांतराला अमेरिकेत नॅशनल बुक अवॉर्डही मिळाले.

कादंबरीत १५५ प्रकरणे आहेत. सुरुवातीलाच लेखकाने वाचनाचे दोन मार्ग दिले आहेत. पहिला सरळ: १ ते ५६ वाचायची आणि थांबायचे, उरलेल्या ९९ प्रकरणांकडे न बघता पुस्तक मिटले तरी मनाला खात राहू द्यायचे नाही. दुसरा मार्ग ७३व्या प्रकरणापासून सुरू होतो. मग १, २, तिथून थेट ११६, परत ३, मग ८४ असा मागेपुढे उड्या मारत जातो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढच्याचा क्रमांक दिलेला आहे.

पहिल्या ३६ प्रकरणांत पॅरिस आहे. ओराशिओ ओलिवेरा नावाचा एक अर्जेंटिनियन, त्याची प्रेयसी ला मागा, जॅझच्या तबकड्या ऐकत रात्र रात्र वाद घालणारी मित्रमंडळी. पुढच्या वीस प्रकरणांत ब्वेनोस आयरेस. तिसऱ्या विभागात वर्तमानपत्रांची कात्रणे, पुस्तकांतले उतारे, मोरेली नावाच्या एका म्हाताऱ्या लेखकाची टिपणे, आणि मुख्य गोष्टीतून गळलेले काही प्रसंग. या तिसऱ्या विभागाची प्रकरणे वगळण्याजोगी आहेत, असे पुस्तकच सांगते.

वगळली तर काय जाते? अठ्ठाविसावे प्रकरण पाहावे. पॅरिसमधल्या त्या कोंदट खोलीत ला मागाचे आजारी तान्हे मूल, रोकामादूर, रात्री मरून जाते. ओलिवेराला अंधारात ते कळते. तो बोलत नाही. हळूहळू बाकीच्यांनाही कळते, पण आईला सांगायला कोणीच धजत नाही आणि तत्त्वज्ञानाच्या गप्पा चालू राहतात. सरळ वाटेने जाणारा वाचक पान उलटून एकोणतिसाव्या प्रकरणात पोचतो. तिथे ला मागा निघून गेलेली आहे. उड्या मारणाऱ्या वाचकाला मात्र अठ्ठाविसाव्यानंतर १३०व्या प्रकरणाकडे पाठवले जाते, आणि तिथे असते पँटच्या झिपमुळे लहान मुलग्यांना होणाऱ्या इजांबद्दलचे वर्तमानपत्री कात्रण. त्यानंतर आणखी वीसेक प्रकरणे ओलांडल्यावरच तो एकोणतिसाव्यात येतो. मधला काळ त्याने कुठेतरी भलतीकडे, भलतेच काही वाचत काढलेला असतो, जसा दुःखाच्या घरातला माणूस जुन्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचत बसतो. मजकुरातला एक शब्द न बदलता, केवळ क्रम बदलून कोर्तासारने दुसराच अनुभव उभा केला आहे.

दुसऱ्या मार्गाचे आणखी दोन परिणाम वाचकाला हातातच जाणवतात. नेहमीच्या पुस्तकात उजव्या हातातली पाने कमी होत जातात आणि शेवट जवळ आल्याचे बोटांना कळते. इथे वाचक कधी पाचशेव्या पानावर असतो, कधी पन्नासाव्या, त्यामुळे किती उरले याचा अंदाजच येत नाही. दुसरे म्हणजे दिलेली वाट इमानाने चालणाऱ्याला ५५वे प्रकरण लागतच नाही. त्यातला मजकूर दुसऱ्या प्रकरणांत वाटून आलेला आहे. शिवाय शेवटी १३१वे प्रकरण ५८व्याकडे पाठवते आणि ५८वे पुन्हा १३१व्याकडे. सूचना तंतोतंत पाळायची ठरवली तर कादंबरी कधीच संपत नाही. आयते घेणारा वाचक कोर्तासारला नको होता, कटात सामील होणारा हवा होता. अशा आळशी वाचकाला त्याने पुस्तकात जे बायकी विशेषण लावले, त्याबद्दल मात्र पुढे त्याला वाचकांची माफी मागावी लागली.

तिसऱ्या प्रकारचा तुकडेपणा कोणी ठरवून केलेला नसतो. पुस्तक पुरे झालेलेच नसते.

पोर्तुगालचा फर्नांदु पेसोआ १९३५ साली लिस्बनमध्ये वारला, तेव्हा त्याच्या खोलीत एक ट्रंक होती. तिच्यात पंचवीस हजारांहून अधिक कागद निघाले. कविता, निबंध, पत्रिका, पाकिटांच्या पाठीवरची टिपणे. त्यांतल्या एका पाकिटात काही शे लिखाणे एकत्र होती, ती एका पुस्तकासाठी होती. बर्नार्दु सुआरेस नावाचा एक सहायक हिशेबनीस, लिस्बनच्या दोरादोरेस रस्त्यावरच्या कचेरीत बसून कापडाच्या व्यापाराच्या वह्या लिहिणारा. हा त्याचा कल्पित लेखक. ‘द बुक ऑफ डिस्क्वायट’ या नावाने इंग्रजीत ओळखले जाणारे ते पुस्तक पहिल्यांदा छापले गेले १९८२ साली, पेसोआच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी.

बऱ्याच नोंदींवर तारीख नाही आणि क्रम तर लेखकाने ठरवलेलाच नव्हता. म्हणून प्रत्येक संपादकाचे पुस्तक निराळे. रिचर्ड झेनिथने नोंदी भावाच्या आणि विषयाच्या ओघाने लावल्या. जेरोनिमो पिसारोने त्या शक्य तितक्या कालानुक्रमे मांडल्या, आणि तरुण पेसोआ व उतारवयातला पेसोआ वेगळे दिसू लागले. वाचकाने इथे कथानक शोधणे व्यर्थ आहे, आणि सलग वाचणेही बहुधा चुकीचे. पावसाचे, रस्त्याचे, साहेबाचे, कंटाळ्याचे वर्णन ओळीने चाळीस पाने वाचले की तो कंटाळा वाचणाऱ्यालाही चढतो. हेच पुस्तक रोज दोन-तीन नोंदी असे घेतले तर त्या हिशेबनिसाची सोबत वाटू लागते.

ज्या कादंबऱ्या तुकड्यांत लिहिल्या जातात पण पाने पिसायला सांगत नाहीत, त्यांत अलीकडे सर्वांत गाजलेले नाव पोलंडच्या ओल्गा तोकार्चुक यांचे. त्यांची ‘बिएगुनी’ २००७ साली आली. जेनिफर क्रॉफ्ट यांनी केलेल्या ‘फ्लाइट्स’ या इंग्रजी भाषांतराला २०१८ चे मॅन बुकर इंटरनॅशनल पारितोषिक मिळाले, आणि २०१८ चे साहित्याचे नोबेलही तोकार्चुक यांनाच. पुस्तकात शंभराहून अधिक तुकडे आहेत. काही दोन-तीन वाक्यांचे, काही लांबलचक कथा. मधूनमधून जुने नकाशे.

त्यातली एक गोष्ट कुनित्स्कीची. क्रोएशियाच्या व्हिस बेटावर सुटीला आलेला हा पोलिश माणूस गाडी चालवत असतो. बायको थांबायला सांगते, मुलाला घेऊन झाडीत जाते आणि परत येत नाही. बेट एवढेसे, तरी शोध लागत नाही. आणि इथे गोष्ट तुटते. पुढे विमानतळांवरची निरीक्षणे, प्रवासात वापरायच्या लहान बाटल्यांबद्दलचे टिपण, मग फिलिप व्हेरहायन हा सतराव्या शतकातला फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञ, जो स्वतःच्याच कापलेल्या पायाचे विच्छेदन करतो. मग व्हिएन्नातल्या योझेफिना सोलिमानची बादशहाला पत्रे. तिचे आफ्रिकन वडील दरबारात मानाने वावरलेले, पण मेल्यावर त्यांच्या देहात भुसा भरून तो प्रदर्शनात ठेवलेला. मुलगी तो दफनासाठी परत मागते आहे. आणखी पुढे शोपँचे हृदय: १८४९ मध्ये तो पॅरिसला वारला, देह तिथेच पुरला आणि हृदय बहिणीने लपवून वॉर्साला नेले. कुनित्स्की परत भेटतो तो शेकडो पानांनंतर, पोलंडमधल्या आपल्या घरी. बायको आणि मुलगा परत आलेले आहेत. ते मधले दिवस कुठे होते हे मात्र त्याला कळत नाही, आणि त्या शोधापायी तो हळूहळू बिघडत जातो. वाचकालाही कळत नाही.

पहिल्या शंभर पानांत हे सगळे विखुरलेले वाटते. नंतर दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा येत असल्याचे ध्यानात येते. एकीकडे हलत राहणारे, प्रवास करणारे जिवंत शरीर, आणि दुसरीकडे बरणीत, भुशात, काचेमागे टिकवून ठेवलेले मेलेले शरीर. व्हेरहायनचा पाय, सोलिमानचा देह आणि शोपँचे हृदय एका बाजूला, तर विमानतळ, रेल्वे, बेट दुसऱ्या बाजूला. धागा कथानकाचा नाही, विषयाचा आहे, आणि तो वाचकाने ओवायचा आहे. तोकार्चुक यांनी या घाटाला नक्षत्रमंडळाची उपमा दिलेली आहे: तारे एकमेकांपासून दूर असतात, आकृती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जुळते.

या सगळ्यात मराठी वाचक अगदीच नवखा असायचे कारण नाही. मराठी गद्याच्या आरंभीचा ‘लीळाचरित्र’ हा थोर ग्रंथ सुट्या प्रसंगांचाच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडून आठवणी गोळा केल्या. एकेक आठवण म्हणजे एकेक लीळा. काही चार ओळींच्या, काही बऱ्याच मोठ्या. ‘एकांक’, ‘पूर्वार्ध’, ‘उत्तरार्ध’ असे विभाग आहेत, पण कथानक म्हणून ताणलेली दोरी नाही. सांगणाऱ्यांत मतभेद असतील तर तेही नोंदवलेले आढळतात. मूळ प्रत पुढे आक्रमणाच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यामुळे या ग्रंथाचेही निरनिराळे पाठ झाले आणि आधुनिक संपादकांना ते लावत बसावे लागले. श्रद्धेचा ग्रंथ आणि कादंबरी यांत अंतर मोठे आहे, पण या ग्रंथातही माणूस उभा राहतो तो सुट्या आठवणींतून, आणि तो पुरा जुळवण्याचे काम वाचणाऱ्याकडे येते.

आधुनिक काळात, ‘रायुएला’ आली त्याच १९६३ साली पुण्यात भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. पांडुरंग सांगवीकरचे निवेदन मध्येच रोजनिशीच्या त्रोटक नोंदींत शिरते आणि पुन्हा बाहेर येते. त्याहून मोडतोड केली किरण नगरकर यांनी. १९७४ साली मौजेने प्रसिद्ध केलेल्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’ या त्यांच्या पहिल्या कादंबरीत हिशेब नावातच एकाने चुकवलेला आहे. कुशंक पुरंदरे या निवेदकाचे आयुष्य मागेपुढे उड्या घेत येते. हा प्रसंग केव्हाचा, मघाच्या माणसाशी याचा संबंध काय, हे सांगायची तसदी तो फारशी घेत नाही. शुभा स्ली यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले. कोर्तासारसारखा नकाशा नगरकर देत नाहीत. वाचकाला नावे, घरे, बायका आणि आजार यांच्यावरून स्वतःच काळ ताडत जावे लागते. म्हणूनच ही कादंबरी पहिल्या वाचनात चिडवते आणि दुसऱ्या वाचनात खुलते, कारण कोण कोणाचे कोण हे तोवर माहीत झालेले असते.

अशी पुस्तके वाचणाऱ्यांच्या अनुभवातून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगता येतात. पहिली म्हणजे, सुरुवातीला पात्रांचे तक्ते करत बसू नये. जे महत्त्वाचे असते ते लेखक पुन्हा आणतोच, त्यामुळे पेन्सिल घेऊन पुन्हा येणाऱ्या गोष्टींवर खूण करणे अधिक कामाचे. ‘फ्लाइट्स’मधल्या बरण्या किंवा जॉन्सनच्या कादंबरीतला चालू सामना अशाच खुणांनी डोळ्यांत भरतो. दुसरी गोष्ट गतीची. कथानकाच्या ओढीने आपण रहस्यकथा एका रात्रीत संपवतो. इथे ती ओढ नाही, म्हणून दोन तुकड्यांमध्ये थोडे थांबावे. मात्र आठवडाभराची सुटी घेऊ नये, कारण आधीचे तुकडे मनात ओले असतानाच पुढचे त्यांना चिकटतात. तिसरी गोष्ट, काही तुकडे आवडणार नाहीत. ते ओलांडून पुढे जायला हरकत नाही. कोर्तासारने तर तशी मुभा छापूनच दिली आहे.

आणि कधी कधी पुस्तक सोडूनही द्यावे. साठ-सत्तर पानांनंतरही हे तुकड्यांत का आहे याचा मागमूस लागत नसेल, सरळ सांगितले असते तर काय बिघडले असते याला उत्तर सापडत नसेल, तर दोष वाचकाचाच असतो असे नाही. मोकळे परिच्छेद आणि मध्ये कोऱ्या जागा सोडून खोलीचा आभास करणारी पुस्तकेही निघतातच.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ‘फ्लाइट्स’ घ्यावी, कारण तिच्यातल्या सुट्या कथा स्वतंत्रपणेही रंगतात. मराठीत ‘सात सक्कं त्रेचाळीस’ लागोपाठ दोनदा वाचायच्या तयारीने हाती घ्यावी. ‘द बुक ऑफ डिस्क्वायट’ उशाशी ठेवण्याचे पुस्तक आहे, त्याला शेवटापर्यंत नेण्याची घाई नको. ‘द अनफॉर्च्युनेट्स’ दोघांनी मिळून वाचण्यात मजा आहे. एकाने आपला क्रम कागदावर लिहून ठेवावा, पेटी पिसून दुसऱ्याला द्यावी आणि मग बोलायला बसावे. ‘रायुएला’ मात्र आधी सरळ छप्पन्न प्रकरणे वाचूनच उड्या मारायला घ्यावी. एक तर त्या उड्या कुठून कुठे पडतात हे तेव्हाच कळते, आणि दुसरे म्हणजे पंचावन्नावे प्रकरण जसेच्या तसे फक्त त्याच वाटेवर आहे.